आजी झोपलीय

खरं तर हे मी तुला सांगायचं नव्हतं, मावशी. बाबांनी तसं बजावलंय — मावशीचा फोन आला तर ताप आहे म्हण, जास्त खोदून विचारलं तर फोन माझ्याकडे दे — आणि मी तसंच म्हटलं, दोन्ही वेळा ताप आहे म्हटलं. पण आता तू इथे येऊन बसलीच आहेस, आणि दारावर लाल अक्षरांत हृदयविभाग लिहिलंय ते तू वाचलंयस, मग मी अजून ताप कसा म्हणू? ताप नाहीये. आईला हार्ट अटॅक आला. मोठा होता. — नाही, उठू नकोस! बस ना गं. असं कुणालाही आत सोडत नाहीत. आणि तुझा चेहरा — सकाळपासून आरशात बघितलंयस का? डोळे सुजलेत, नाक लाल झालंय, आणि आई तुझी सख्खी मोठी बहीण आहे, तिला वेगळं काय सांगावं लागणार? ती एकदा तुझ्याकडे बघेल आणि तिला कळेल की आजी गेली.

हो. तिला माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही. तू तिच्यावर रागावून बसलीस ना — जन्मदात्री आई गेली आणि ही बाई साध्या तापाचं निमित्त करून आली नाही — तू आमच्या दारात उभी राहून काय काय बोललीस ते शेजारच्या काकूंनी मला फोनवर सगळं सांगितलं, थोडं जास्तच सांगितलं, आणि तुला इथला पत्ता दिल्याचंही. असू दे. तुझी काय चूक? तुला काय माहीत. आजी गेली त्याच्या आदल्या दिवशीच आईला इथे आणलं होतं. दाढ दुखतेय म्हणत होती, सकाळपासून गालावर हात धरून हिंडत होती, दातांच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती — आणि मग कपडे वाळत घालताना हात वर केला तो खाली येईना, आणि घाम असा, की मला वाटलं ओला कपडाच अंगावर पडलाय. दाढेचं दुखणं हृदयाचं असतं हे आम्हाला कुठे ठाऊक? दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. बाबा इथेच, या बाकावर, हीच जागा — फोन कानाला लावून नुसते हो, हो, हो म्हणत होते. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, यातला एक शब्द आत गेला आणि तिला काही झालं, तर ते तुझ्यामुळे झालं म्हणून समज. — नाही गं, वाईट नाहीत ते. घाबरलेत. मी आत-बाहेर करते ना, म्हणून मलाच म्हणाले. दुसरं कुणाला म्हणणार?

मीच का? कारण मी बोलत नाही. खरंच, हसू नकोस. तुला माहितेय मी कशी आहे — वर्गात हजेरी देते तर बाईंना ऐकू जात नाही, त्या माझं नाव दोनदा घेतात. पण इथे तेच हवं असतं. पहिल्या दिवशी काका आले आणि तिला धीर देत सुटले, त्यांचा धीर म्हणजे तुला माहितेय, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो — आईच्या ठोक्यांचा मशीनवरचा आकडा चढायला लागला आणि सिस्टरांनी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. मग त्या मला म्हणाल्या, तू बस. तेव्हापासून मी. औषधं आहेतच, ती नळीतून जातात, ती डॉक्टर बघतात. पण बाकीचं जे माणसानं माणसाचं करायचं असतं, ते मला त्या सिस्टरांनी शिकवलं. आई त्यांना हळूबाई म्हणते. हळू खा, हळू गिळा, हळू कूस बदला. एकदा आई कशाला तरी हसली तर म्हणाल्या, हळू हसा. त्या गेल्यावर आई म्हणते कशी, हळू हसायचं कसं गं, दात मोजत?

तिला आडवं नाही झोपवायचं, पाठीमागे उशा लावून अर्धवट बसतं ठेवायचं, म्हणजे श्वास लागत नाही. ती घसरून खाली येते, मग दोघींनी चादरीला धरून वर घ्यायचं, तिला जोर लावू द्यायचा नाही. केस मी विंचरते, कारण हात डोक्यावर न्यायचा नाही. पाणी मापानं. तहान तहान करते, तर ओला कापूस ओठांवरून फिरवायचा. बोलायचं ते स्टुलावर बसून, तिच्या डोळ्यांसमोर, म्हणजे तिला मान वर करावी लागत नाही, आणि प्रश्न असे विचारायचे की नुसती मान हलवून भागेल. ती घाबरली की मी तिचा हात माझ्या पोटावर ठेवते आणि सावकाश श्वास घेते, सावकाश सोडते — काही म्हणायचं नाही — आणि थोड्या वेळानं तिचा श्वास माझ्या श्वासाच्या मागे यायला लागतो. खरंच येतो, मावशी! लहान मूल बोट धरून येतं ना, तसा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुंथायचं नाही. तू तोंड वाकडं नको करूस, इथे सगळे असंच बोलतात. श्वास कोंडून जोर लावला की हृदयावर एकदम ताण येतो. आईला खाटेवरच्या शौचाच्या भांड्याची इतकी लाज वाटायची, माझ्यासमोर तर जास्तच, आवळून धरायची सगळं. हळूबाई चिडल्या. म्हणाल्या, लाज घरी जाऊन बाळगा, इथे काहीही कोंडून ठेवायचं नाही.

दिवसातून दहादा आम्हाला म्हणतात, पेशंटची काळजी घ्या, आणि आईला म्हणतात, काळजी करू नका. आई म्हणाली, बरं झालं, मी केलेली सगळी तुम्ही घेऊन टाका, माझ्याकडे ढीगभर पडलीय. — तुझीच ताई. तू पण असलंच काहीतरी बोलतेस. पण ते एक आता म्हणू नकोस हं कधी. मला खाऊ दिलास की म्हणतेस ना, माय मरो पण मावशी जगो, आणि आई तुझ्या पाठीत धपाटा घालते — ते नको. मला ते दोन रात्री कानात ऐकू येतंय.

आजीचं? विचारते ना. विचारत होती. पहिल्यांदा म्हणाली, आजीला माझं काही कळवलं नाही ना, उगाच जीव टांगणीला लागेल तिचा, लाव फोन, मी धडधाकट आवाजात दोन शब्द बोलते. आणि तेव्हा तिकडे तुम्ही आजीला — तेव्हा सगळं होऊनसुद्धा गेलं होतं. मी म्हटलं, आजी झोपलीय. एवढंच सुचलं मला. दुसऱ्या दिवशी पुन्हा — लाव ना, नुसतं हॅलो ऐकते. मी पुन्हा म्हटलं, झोपलीय. दुपारची वेळ होती, मावशी! आजी कधी दुपारी झोपायची? तिला दुपारची झोप म्हणजे आळशी माणसाचं लक्षण वाटायचं, आपल्या सगळ्यांना उठवत फिरायची. पण मला खोटं बोलायला दुसरं काही येतच नाही. तू शिकवलं असतंस तर आलं असतं, तू बाबांना साडीची किंमत निम्मी सांगायला शिकवलंस तिला. — रडू नकोस. म्हणजे रड, पण पदर लाव तोंडाला, दाराला फट आहे.

तिसऱ्यांदा मी केस विंचरत होते. तिनं विचारलं, आजी काय करतेय? मी गुंता सोडवत होते, मी मागे होते, तिला माझं तोंड दिसत नव्हतं, म्हणून म्हणायला सोपं गेलं — झोपलीय. ती म्हणाली, झोपू दे. उठवू नका तिला आता. — एवढंच. आणि मशीनचा आवाज बदलला, हळूबाई धावत आल्या, काय झालं, काय बोललीस तिच्याशी? मी म्हटलं काहीच नाही. आई पण म्हणाली, काहीच नाही, केस ओढले गेले. आणि तिच्या डोळ्यातून पाणी येऊन त्या ऑक्सिजनच्या नळीवर उतरत होतं, मी पुसलं, तर म्हणते, नळीचा वारा जातोय गं डोळ्यात.

त्यानंतर विचारलं नाही. सगळ्यांचं विचारते — बाबा जेवले का, माझी परीक्षा कधी, काकूंच्या मांजरीला पिल्लं झाली का — मांजरीचं विचारते, मावशी! आजीचं नाही. तुझंही नाही. मला वाटलं, बरं झालं, विसरली, आता खोटं बोलावं लागत नाही. मी खूश झाले होते, खरं सांगते. पण आता तुला सांगताना — स्वतःच्या आईचं कुणी विसरतं? ती विसरली नाहीये. तिला कळलंय. तिला माझ्या आवाजावरून कळलं आणि ती मला सांभाळून घेतेय. ती तिथे उशांना टेकून ते सगळं धरून बसलीय, आवळून, दात घट्ट, मी आत गेले की हसते, हळू हसते — हे कुंथणंच नाही का? तूच सांग. पाणी मापानं, मीठ नको, हात वर नको, आणि हे? याला काहीच माप नाही?

मी हळूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मनात काय चाललंय ते तोंडावर नाही दिसत, पण मला मशीनवर दिसतं. मोठ्या डॉक्टरांनी तर बाबांना सांगितलंय की आता जपून सांगा, आम्ही जवळ असताना, त्यांच्या जवळच्या कुणीतरी. बाबाच नको म्हणतात. त्यांना वाटतं, सांगितलं तर तिला आपणच मारलं. मला पण वाटतं, अगदी तसंच वाटतं. पण कोण सांगणार? मी? मी तिच्यासमोर तोंड उघडलं की झोपलीय हेच बाहेर पडेल. तू होतीस आजीजवळ. शेवटी ती काय म्हणाली, कशी गेली, ते तुझ्याकडेच आहे. आईला ते हवंय, मावशी, तिला ते हॅलोच्या जागी हवंय. मघाशी मी तुला बस म्हटलं ना, ते — ते सोड. तोंड धुऊन ये. नको, तशीच जा. सुजलेलीच जा. फक्त हळू रड, तिच्या —

अगं बाई, बाबा. जिन्याजवळ. नाही, मान वळवू नकोस, तू खांबाच्या आड आहेस, त्यांना मीच दिसतेय. — हो बाबा! आले! — ऐक, मी त्यांना खाली नेते, भूक लागलीय म्हणते, मी कधी काही मागत नाही, त्यामुळे मागितलं की त्यांना नाही म्हणता येत नाही. आम्ही उतरलो की दार ढकल, जड आहे, खांद्यानं ढकल. आत गेलीस की आधी हळूबाईंना सांग, तू कोण ते, त्या मशीनजवळ येऊन उभ्या राहतील. मग स्टुलावर बस, उभी राहू नकोस, आणि आल्या आल्या काही बोलू नकोस, नुसता हात धर — आले बाबा, चप्पल घालतेय! — हात धरून ठेव, तीच विचारेल, आणि तिनं विचारलं की मावशी, तू तरी झोपलीय असं