सुदामच्या आईचा आवाज

हसू नका, पण आमच्या जुन्या बँडला आता कुठे चाहते मिळालेत! सुकापूरला ड्रमर सुदामच्या घरी केलेली कच्ची रेकॉर्डिंग्ज आम्ही नुकतीच ऑनलाइन टाकली. त्यातल्या एका गाण्यात त्याची आई मध्येच ओरडते, "बंद करा रे, म्हस दूध देत नाय!" लोकांना गाण्यापेक्षा तेच आवडलं. मग पनवेलच्या कार्यक्रमात तिला ओरडायला स्टेजवरच आणली. तिची जागा आली, आम्ही खुणा करतोय, पण ही आपली माइक धरून मान डोलावतेय. गाणं संपलं. मी वैतागून म्हटलं, "मावशी, ओरडला का नाहीत?"

ती माइकवरच म्हणाली, "कशाला वरडू? आता बरा वाजवताव तुमी!"