घरचं माणूस शेवटच्या पंगतीला

तोताराम भंगाळ्यांच्या धाकट्या लेकीचं, इंदूचं, लग्न झालं, त्या सालची ही गोष्ट. लग्न वैशाखातलं, गोष्ट पौषातली. टाळकऱ्यांनो, टाळ जरा खाली ठेवा. मंडळी, पुढं सरकून बसा. आधी मला तुम्हाला एक विचारायचंय.

दारात मांडव पडला, पाहुणे जेवायला बसले. घरच्यांनी कधी बसायचं? — शेवटच्या पंगतीला! बरोबर. आईबापांनी शिकवलं, आपण पाळलं. पण त्या पंगतीपर्यंत पातेल्यात भातच उरला नाही, तर? घरचं माणूस उपाशी उठलं, तर त्याला धर्म म्हणायचं का? लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

तोतारामभाऊ तापीकाठचे, तालुक्याच्या साहित्य मंडळाचे चिटणीस. स्वतः आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. पण दुसऱ्यांच्या ओळींसाठी वीस वर्षं मांडव घातले! वार्षिक संमेलन जवळ आलं की भाऊ घरात राहायचे नाहीत. अध्यक्षांची गाडी, ग्रंथदिंडीची पालखी, वरण-बट्टीचा आचारी — सगळं भाऊंच्या डोक्यावर.

आणि घरात कौतिकाबाई. पाटी-पेन्सिल त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही. पण बाईंनी मनातल्या मनात एक कविता जुळवली होती. कागदावर नाही — गळ्यात! कुणाला म्हणून दाखवली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

त्या सालच्या दिवाळीत नेमका तोच गळा धरला. आवाज फाटायला लागला. शहरातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, आपरेशन करू, जीव बहुतेक वाचेल. आवाज मात्र राहायचा नाही.

एस.टी.नं परत येताना बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, आपरेशन संमेलन झाल्यावर करू. तुमच्या त्या कविकट्ट्यावर मला एकदा म्हणायचंय. आणि तुम्ही समोर खुर्चीवर बसून ऐकायचं."

भाऊ म्हणाले, ऐकेन की, त्यात काय.

"बसून. लग्न झाल्यापासून माझं सगळं तुम्ही उभ्यानंच ऐकलंय."

भाऊंनी शब्द दिला. विठ्ठल, विठ्ठल! शब्द देणं फार सोपं असतं, मंडळी.

मग वाचनालयाच्या मागच्या खोलीत नियोजनाची बैठक बसली. फलकावर कुणाचा फोटो मोठा छापायचा, ह्यावर अख्खी दुपार गेली! साहित्याचं नाव निघालं ते चहा संपल्यावर. शेवटी कविकट्ट्याचा क्रम आला. कविकट्टा म्हणजे काय, ठाऊक आहे ना? ज्याला कविता म्हणायची त्यानं नाव द्यायचं आणि उभं राहायचं. कवी मात्र कसा? स्वतःची होईपर्यंत आशेनं बसतो, आणि स्वतःची झाली की चप्पल शोधतो! हसताय? तुम्ही कीर्तनाला प्रसादापर्यंतच बसता, ते मी कधी बोललो का?

तर भाऊंनी भीत भीत सांगितलं, कौतिकाबाईंना पहिल्यांदा घेऊ या. सकाळी आवाज बरा असतो, हे कारण मात्र ओठातच राहिलं. कार्याध्यक्ष फेगडे सर. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, "काय तोतारामभाऊ, वीस वर्षं मांडव घातला तो ह्याच्यासाठीच का?"

खोली हसली. सरांच्या मनात पाप नव्हतं. गंमत केली त्यांनी. पण भाऊंचे कान तापले. दोन शब्द बोलायचे होते — तिचा गळा जाणार आहे, एवढंच! ते राहिले बाजूला, आणि भाऊ उसनं हसून म्हणाले, "घरचीच आहे, सर. शेवटी ठेवा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "दुपारनंतर माझा आवाज टिकत नाही, ठाऊक आहे ना?"

संमेलनाचा दिवस उजाडला. कौतिकाबाई इंदूच्या लग्नातलं लुगडं नेसून सकाळपासून मांडवात. आवाज पुरवून ठेवायचा म्हणून कुणाशी चकार शब्द बोलल्या नाहीत. बाया कुजबुजल्या, चिटणिसाची बायको, गर्व झालाय. एकेक कवी उठला, म्हणाला, निघून गेला. ऊन कलंडलं. बाईंचं नाव पुकारणार, तेवढ्यात निरोप आला, अध्यक्ष निघालेत, निरोप द्यायला चिटणीस कुठंय? भाऊ बायकोकडे वळून म्हणाले, आलोच. म्हणाले तेही उभ्यानंच.

गाडी धुळीत दिसेनाशी झाली तेव्हा भाऊ परतले. मांडव मोकळा. मांडववाले रज्जाकभाई लोखंडी खुर्च्यांची थप्पी लावत होते. पुढच्या रांगेत एकच खुर्ची तेवढी उभी. कौतिकाबाई व्यासपीठाची पायरी उतरत होत्या.

"झालं?" भाऊंनी विचारलं.

बाईंनी मान हलवली.

आणि भाऊंनी काय केलं? ती खुर्ची स्वतःच्या हातानं मिटली आणि हाक मारली, "रज्जाकभाई, ही एक राहिली!"

माघात आपरेशन झालं. रज्जाकभाई शहाळी घेऊन दवाखान्यात आले. बाहेर बाकावर बसून म्हणाले, "भाऊ, ती खुर्ची राहिली नव्हती. मी उचलायला गेलो, तर भाभींनी हातानं अडवलं. पाच-सातजण होते, तेही उठत होते. भाभी त्या खुर्चीकडे बघूनच सगळं बोलल्या."

"काय बोलल्या?"

"आवाज वाऱ्यासारखा झाला होता. मला काही कळलं नाही, भाऊ."

तोतारामभाऊ आत गेले. स्टूल ओढलं. खाटेला गुडघे टेकवून बसले, पहिल्यांदा बसले, आणि म्हणाले, "म्हण. बसलोय मी."

बाई हसल्या. गळ्याला पट्टी होती. त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, जेवण आटोपल्यावर हात धुतो ना आपण, तसे.

त्या कवितेतला एक शब्दसुद्धा आज कुणाला ठाऊक नाही.

तर मंडळी, प्रसाद घ्या, घरी जा. तिथं कुणीतरी तुमची वाट बघत असेल. घरचंच आहे म्हणून शेवटी ठेवलेलं. ते बोलायला लागलं की दारात उभे राहू नका. पाट घ्या, नाहीतर भुईवर बसा. पण बसा.

कौतिकाबाई तोताराम भंगाळे त्याच साली फाल्गुनात, होळीच्या आदल्या दिवशी सकाळी वारल्या.