परत पाठवलेलं पाकीट

पहूरहून जामनेरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे व्यापारी बसले होते.

"लखीचंदभाऊ, खिडकीशी बसा. तुम्हाला मळमळतं."

"अभिमननाना, मला कोर्टात उभं करता, आणि वर माझ्या पोटाची काळजी?"

"पेंडीच्या मालाचा तुमचा चेक वटला नाही. मग वकिलाने नोटीस द्यायला लावली. पैसे भरायला पंधरा दिवस होते."

"नोटीस वाचली असती, तर दुसऱ्या दिवशी भरले असते. समन्स आल्यावर भरले, तरी खटला उभाच. आता या वयात कैद होते की काय!"

"रजिस्टर पाकीट तुम्ही घेतलंच नाही. न घेणं म्हणजे मिळालंच, असं कोर्ट धरतं."

"पाकिटावर तुमचं नाव होतं. मला वाटलं, तुमच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका. बठ्ठ्या गावाला, एकेकाच्या घरी जाऊन देता, आणि मला पोस्टाने? रागाने परत पाठवलं."

"तुमची पत्रिका मी हळदकुंकू लावून वेगळी ठेवली होती. पाकीट परत आलं, आणि तुमच्या घराकडे माझं पाऊल उचललं नाही."

"लग्न कसं झालं?"

"चांगलं झालं. पोरीने मांडवात दोनदा विचारलं, लखीचंदकाका कुठे आहेत?"