पंकजदादाचा गुरुवार

देवाला फसवणारे पुष्कळ बघितलेत, पण आमच्या सारसोळ्याच्या पंकजदादाची सर कुणाला नाही. मी कॅनडात शिकत असताना तो फिरायला आला. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून आम्ही गळ टाकला, तर लांबडा, बुळबुळीत मासा लागला.

"साप हाय का रं?"

"हनुवटीला एकच मिशी आहे, म्हणजे बर्बोट. इथे लोक फेकून देतात, पण चवीला झकास."

"आज मार्गशीर्षातला गुरुवार. मासे बंद. तुझ्या वहिनीला शब्द दिलाय."

मी एकट्यापुरता तळायला घेतला. वास सुटताच दादाने मोबाईल बघितला. "सारसोळ्यात शुक्रवार लागला. वाढ!"

"मग काल रात्री चिकन हाणलंस, तेव्हा तिकडे गुरुवार उजाडला होता!"

तोंडातला काटा काढत म्हणतो कसा, "काल मी कॅनडाच्या टायमावर होतो."