सराव सकाळी दहाला

(संध्याकाळ. कालव्यावरचा पूल होड्यांसाठी वर उचललेला. रांगेत एक जुनी लाल गाडी. चालवायला आन्के, शेजारी हिस्का, मागे यिल्दौ. तिघी एकाच महिला फुटबॉल संघातल्या.)

हिस्का : इंजिन बंद कर. शिडाच्या होड्या आहेत, एकेक करून निवांत जातील. त्यांना कुठे सरावाला पोचायचंय.

आन्के : बंदच आहे. तो पंख्याचा आवाज.

यिल्दौ : मी कोचला कळवू? पूल वर आहे म्हणून?

हिस्का : कळव. तिला वाटतं आपण पूल खिशात घेऊन फिरतो, लागेल तेव्हा वर करतो.

यिल्दौ : पण आज सरावाच्या आधी बैठक आहे ना. आज उशीर नको. आज प्रत्येकीला क्लबच्या नव्या कराराला हो म्हणायचंय.

हिस्का : हो किंवा नाही.

यिल्दौ : नाही कोण म्हणणार? सकाळी दहाला सराव, म्हणजे खऱ्या खेळाडूंसारखा. दर महिन्याला पगार. ऑगस्टमध्ये युरोपची स्पर्धा. आपण, नूर्डरफेल्टच्या मुली, युरोपात! नाही म्हणायला कोणाचं डोकं फिरलंय?

हिस्का : तू आधी पाव नीट खा. मागे चुरा किती पाडलायस. ती सीट काय कोंबड्यांसाठी आहे?

यिल्दौ : आन्के काहीच बोलत नाहीये.

आन्के : गाडी चालवतेय.

यिल्दौ : गाडी उभी आहे.

हिस्का : सांग तिला.

आन्के : आत्ता?

हिस्का : मग कधी? दुपारी मला फोनवर सांगितलंस, तेच सांग. बैठकीत सगळ्यांसमोर ऐकलं तर हिचं तोंड बघवणार नाही.

यिल्दौ : काय झालं?

आन्के : मला नाही जमणार, यिल्दौ. सकाळी दहाला मी प्रयोगशाळेत असते. रुग्णालयातलं रक्त सकाळीच तपासायला येतं. संध्याकाळची पाळी मागून बघितली. साहेब चांगलं बोलले, कॉफी दिली, विजेतेपदाबद्दल अभिनंदनही केलं. मग नाही म्हणाले.

यिल्दौ : मग नोकरी सोड.

हिस्का : ऐक. विद्यार्थिनी बोलली.

यिल्दौ : खरंच. क्लब पगार देणार आहे ना?

आन्के : त्यात तुझ्या खोलीचं भाडं निघेल. माझं घर आणि माझी मुलगी नाही निघत. करार एका वर्षाचा. वर्षानंतर मी पस्तिशी ओलांडलेली असेन आणि प्रयोगशाळेतली माझी जागा दुसऱ्या कोणाला मिळालेली असेल. मी सगळ्या बाजूंनी मांडून बघितलं. उत्तर बदलत नाही.

यिल्दौ : पण दिवसाचा सराव ही मागणीच तुझी होती.

आन्के : हो.

यिल्दौ : तूच तो तक्ता घेऊन संचालकांकडे गेली होतीस. मी तेव्हा नवीन होते. तू आम्हाला ड्रेसिंग रूममध्ये दाखवला होतास, भिंतीला चिकटवून. दिवसभर काम, रात्री सराव, मग झोप कमी, आणि ज्या आठवड्यांत झोप कमी त्याच आठवड्यांत जास्त जणी जखमी. मला तर सगळा कळलासुद्धा नव्हता.

हिस्का : त्यात माझा गुडघा होता. डावा. दोनदा.

आन्के : तक्ता बरोबर होता. आजही बरोबर आहे.

यिल्दौ : मग दिवसा सराव झाला तर तुलाच येता येणार नाही, हे तुझ्या लक्षात नाही आलं?

आन्के : आलं होतं. मला वाटलं, मान्य करायला त्यांना इतका वेळ लागेल की तोवर मी खेळायची थांबलेली असेन. इतक्या लवकर ऐकतील असं कोणाला वाटलं होतं? आजवर कधी ऐकलंय त्यांनी?

हिस्का : आपला क्लब बघता तिचा अंदाज काही चुकीचा नव्हता. तुला माहीत नाही पोरी. पहिल्या वर्षी आपल्याला मैदान दिलं होतं ते गाड्या लावायच्या जागेमागचं. दिव्यांना घड्याळ लावलेलं. सराव चालू असताना फट्कन दिवे जायचे. पायात चेंडू, समोर अंधार. कपडे बदलायची खोली म्हणजे गवत कापायचं यंत्र आणि रंगाचे डबे. आणि शर्ट पुरुषांच्या राखीव संघाचे, गुडघ्यापर्यंत. धावताना शर्टातून पाय शोधावे लागायचे.

आन्के : ते नऊ नंबरच्या शर्टाचं होतं. बाकीचे ठीक होते.

हिस्का : पहिला सामना. सात गोल खाल्ले आपण.

आन्के : आठ.

हिस्का : सातच.

आन्के : हिस्का, गोलमध्ये मी होते.

यिल्दौ : मग संघ बंदच करायला निघाले होते ना एकदा? कोच म्हणाली होती.

हिस्का : एकदा नाही. पण एकदा अगदी ठरलंच होतं. पुरुषांचा संघ खालच्या गटात घसरला, मग कापायचं काय, तर आपल्याला. पत्र आलं. बाहेरगावच्या सामन्यांना बस मिळणार नाही म्हणे. तेव्हा हीच आन्के या पुलावर आली.

यिल्दौ : या पुलावर?

हिस्का : याच. पूलवाला दोरीला लाकडी बूट बांधून होडीवाल्यांपुढे सोडतो, ते पूल उचलल्याचं नाणं टाकतात, बघतेस ना तू? त्या उन्हाळ्यात पूलवाल्याने शनिवार-रविवारचा बूट आपल्याला दिला. आम्ही आळीपाळीने इथे उभ्या. जर्मन लोक मोठ्या होड्यांतून यायचे, विचारायचे, कशासाठी? आन्के त्यांना शांतपणे सांगायची, फुटबॉलसाठी. ते हसायचे आणि टाकायचे.

आन्के : हसले तरी टाकायचे. बसचे पैसे जमले.

हिस्का : आणि त्याच वर्षी आपण चषक जिंकलो. पहिला. क्लबने मिरवणुकीचं काहीच केलं नव्हतं, कारण आपण जिंकू असं कोणी धरलंच नव्हतं. शेवटी बाबांनी ट्रॅक्टरला बटाट्याची गाडी जोडली आणि आम्हाला वर बसवलं. सगळी मिरवणूक म्हणजे आम्ही, चार सायकली आणि शेजाऱ्यांचा कुत्रा.

यिल्दौ : मी आले होते बघायला. शाळेजवळच्या वळणावर उभी होते. काही दिसलंच नाही. ट्रॅक्टर एवढ्या जोरात गेला.

हिस्का : बाबांना परत येऊन दूध काढायचं होतं.

आन्के : मी त्या वळणावर जवळजवळ खाली पडले होते. चषक धरू की गाडी धरू, कळत नव्हतं.

यिल्दौ : आणि काल अख्खा बाजारचौक भरला होता. नगरपालिकेच्या गच्चीवर आपण, लीगच्या विजेतेपदाची थाळी, संचालकांचं भाषण. आणि सगळं ज्यामुळे झालं तो शेवटचा हेडर तू अडवलास. नसतास अडवला तर थाळी नव्हती, युरोप नव्हतं. युरोप तू आणलंस आणि जाणार आम्ही.

आन्के : त्यांच्या पोरीने सरळ माझ्यावर मारला. हातात आला.

यिल्दौ : असं नको बोलूस ना. प्रत्येक वेळी असंच बोलतेस.

हिस्का : तिला ओरडू नकोस. सकाळपासून उभी आहे ती.

यिल्दौ : मी ओरडत नाहीये. ऐका. आपण तिघी नाही म्हणूया. आज, एकदम. मग निम्म्या जणी आपल्या मागे येतील. सराव संध्याकाळीच राहू दे, जसा आहे तसा. संध्याकाळी सराव करूनच जिंकलो ना?

हिस्का : माझ्या गाई दिवसाच्या बाजूने आहेत, हे आधीच सांगते. सकाळचं दूध काढून मैदानावर, दुसऱ्या दुधाच्या आत घरी. इतकं सोयीचं मला आयुष्यात कोणी काही दिलं नाही. पण आन्के म्हणत असेल तर मी नाही म्हणेन. गाईंना मी सांगते समजावून.

आन्के : मी म्हणत नाहीये.

यिल्दौ : का?

आन्के : मग संचालकांना काय सांगायचं? तक्ता चुकला होता म्हणून? दोन वर्षं मी त्यांच्या दारात बसले. आज आपणच नको म्हटलं तर ते मोकळे. पुढे दहा वर्षांनी कोणी मागायला गेली की म्हणतील, दिलं होतं, बायकांनाच नको होतं.

हिस्का : म्हणतील. अगदी याच शब्दांत म्हणतील.

यिल्दौ : म्हणजे तू जाणार आणि आम्ही हसत हसत हो म्हणायचं.

आन्के : हसायची अट नाही.

हिस्का : यिल्दौ? रडतेस का?

यिल्दौ : नाही. चुरा गोळा करतेय.

हिस्का : अगं राहू दे तो चुरा.

यिल्दौ : बरं, मग निदान शनिवारपर्यंत थांब. चषकाचा अंतिम सामना होऊ दे. आज हो म्हण, रविवारी नाही म्हण. कोणाचं काय जातंय?

हिस्का : मीही दुपारी तेच म्हणत होते. आठवडाभराचा तर प्रश्न आहे. मुलींना कळलं की सगळ्या तुझ्याकडे बघत बसतील, चेंडूकडे नाही.

आन्के : तो विचार मी केला.

यिल्दौ : मग?

आन्के : चांगल्या गोलकीपर आत्ताच करार करतात. गेल्या आठवड्यात दोघींचे झाले, आणखी एकीचं बोलणं चालू आहे. मी हो म्हटलं तर क्लब गोलकीपर शोधणारच नाही. मग ऑगस्टमध्ये आपल्या राखीव गोलकीपरला, मेरेलला उभं करतील.

हिस्का : मेरेल गुणी आहे.

आन्के : गुणी आहे. मीच शिकवते तिला. उंच चेंडू आला की अजून डोळे मिटते. आणखी एक वर्ष कोणाच्या तरी मागे बसली तर ती सुटेल त्यातून. युरोपात तिला एकटीला टाकलं तर कायमची भिऊन जाईल.

यिल्दौ : म्हणजे तू क्लबसाठी सांगणार आज.

आन्के : क्लब म्हणजे कोण? तू पुढे दोन गोल करशील आणि ती मागे चार खाईल. मग तू मला फोन करून रडशील. त्यापेक्षा आज सांगितलेलं बरं.

यिल्दौ : मी नाही रडत फोन करून.

हिस्का : स्वीडनच्या सहलीत कोणी केला होता मग?

यिल्दौ : तेव्हा माझा दात दुखत होता.

आन्के : पट्टा लाव, यिल्दौ. पूल खाली येतोय.

हिस्का : शेवटच्या होडीचा माणूस हात करतोय बघ. थाळीचा फोटो पेपरात बघितला असणार. कर ना हात त्याला.

आन्के : तू कर.

यिल्दौ : आन्के, एक विचारू? विचारायला नको खरं तर.

आन्के : विचार.

यिल्दौ : मग मी सरावाला येणार कशी? मला गाडी येत नाही अजून. परीक्षेत दोनदा नापास झालेय.

आन्के : हे विचारायलाच हवं होतं. मी हिस्काशी बोललेय. ती घेईल तुला शाळेजवळून.

हिस्का : आमच्या गाडीला गोठ्याचा वास येतो. आणि त्या गाडीत खायचं नाही. कुत्रा शेजारी बसतो, तो तुझ्या हातातलं काढून घेईल.

यिल्दौ : चालेल.

हिस्का : बैठकीत तू आधी बोलणार की शेवटी?

आन्के : आधी. मी नाही, पण तुम्ही हो म्हणा, असं सांगेन, म्हणजे नंतर बाकीच्यांना अवघड जायला नको.

हिस्का : कोच रडेल.

आन्के : तिला मी सकाळी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत येऊन भेटली. रडून झालं तिचं.

यिल्दौ : आणि तू?

आन्के : मागची गाडी हॉर्न देतेय. निघूया.

हिस्का : मागच्याला थांबू दे. ऑगस्टपासून संध्याकाळी काय करशील, ते सांग.

आन्के : घरी असेन. सहाला जेवण. सगळ्या गल्लीत सहाला जेवतात, आणि माझी मुलगी शेजाऱ्यांच्या टेबलाशी बसून जेवते, कारण मी इथे या पुलावर असते. आता ती माझ्यासमोर बसेल. फक्त एक आहे. सहाला जेवायचं तर बटाटे कधी चढवायचे, ते आईला विचारायला हवं.