नमस्काराने पुसलेली फुले

सन्माननीय अध्यक्ष उत्तमराव, व्यासपीठावरील मान्यवर, फूल उत्पादक मंडळाचे सभासद, मायबहिणींनो, आणि जिच्या निरोपासाठी आपण जुन्या शहरातल्या या सभागृहात जमलो ती आपली करिश्मा,

आमच्या लहानपणी कवितेच्या तासाला आधी पाटीला नमस्कार होई. पाटी पुसली तरी कविता पाठ राहायची. त्या भाबडेपणातच मी मास्तर झालो, म्हातारा झालो. म्हणून गेल्या श्रावणात जे कळले, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

मंडळाचे ॲप करिश्माने केले. त्यात ‘आज फुले किती?’ असा एक चौकोन. ते शब्द माझे, एवढेच माझे श्रेय. बाया संध्याकाळी तोडा, म्हणजे दिवसभरात तोडलेल्या फुलांचे वजन, लिहून ठेवत, सकाळी व्यापारी तो पाहून येत. झेंडू लावणाऱ्या आपल्या सभासद पार्वताबाईंकडे मात्र कोणी फिरकेना. झेंडू टोपलीतच काळा पडू लागला. बाई मंडळ सोडायला निघाल्या. अध्यक्षमहाराज, "बाईले फोन जमत नाही," असे आपणच म्हणाला होतात ना?

करिश्मा सकाळीच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. बाईंनी फोन उघडला, पडद्याला बोट लावले, मग कपाळाला. बोहनीआधी तराजूला करतात, तसेच. बोट पडले नेमके चौकोनात. नवा आकडा लिहिणे सोपे जावे म्हणून तो चौकोन बोट लागताच रिकामा होई, आणि फोन बाजूला ठेवला की ते रिकामपणच ‘फुले नाहीत’ म्हणून व्यापाऱ्यांना जाई.

नमस्काराने माल पुसला जावा?

पार्वताबाईंनी तर फोन दूर सारला. "म्हंजे माह्या पाया पडण्यानंच फुलं सडली काय वं?"

फोनच्या पाया पडू नये, अशी सूचना लावा, असे कोणी सुचवले. करिश्मा म्हणाली, "सर, चूक माही हाये. काकूनं काहून हात बदलवाचा?" तिने चौकोनच बदलला. आता बोट लागले तरी आकडा राहतो. ‘कळवा’ दाबल्याशिवाय काही जात नाही.

पण बाईंचा हात उठेना. करिश्मा विनवायची, "काकू, आता पडा पाया."

"नाही वं बाप्पा. देव कोपला तं कोपला, फुलं नको सडाले."

आज सकाळी हारासाठी मी त्यांच्याकडे गेलो. बाईंनी फोन घेतला, बोट टेकवले, कपाळाला लावले आणि श्वास रोखून पाहत राहिल्या. चाळीस किलो. तसेच्या तसे.

"पोरगी जाऊन राहिली, सर," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी पडली पाया."

करिश्मा, तुझ्या हातातला हार त्याच झेंडूचा आहे.

मंडळाने म्हाताऱ्याला बोलू दिले, मी ऋणी आहे. काही उणेअधिक निघाले असेल, तर पाटीवरचे समजून पुसून टाकावे.