कुणाचा बाप्तिस्मा खरा

(चिंचपोकळीच्या चाळीतली खोली. खाटेवर आजारी आनंदीबाई, उशाशी त्यांचा मुलगा अजित. स्टुलावर प्रभुभोजनाच्या विधीची भाकर आणि द्राक्षरस मांडून चर्चचे पाळक रघुवीर बसले आहेत.)

आनंदीबाई : नाही म्हणजे नाही, पाळकसाहेब. अजितला देणार असाल तरच मी घेईन. नाहीतर ते सगळं डब्यात भरा परत.

पाळक : आनंदीबाई, प्रभुभोजनावर कुणी असं रुसतं का? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?

आनंदीबाई : ऐकलं म्हणून तर. आठ-दहा दिवस म्हणाले. हा आपली मंडळी, आपलं चर्च सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. एकदा पोराबरोबर घ्यायचं आणि सुखानं डोळे मिटायचे, एवढंच मागतेय.

अजित : आई, जाऊ दे ना. तू घे. मी बाहेर गॅलरीत थांबतो.

आनंदीबाई : तू गप. बस खाली.

पाळक : मला काय हौस आहे नाही म्हणायची? लहानपणी वचनं मीच पाठ करून घेतली ह्याच्याकडून. पण हे भोजन बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसासाठी. त्या अमेरिकी मॉर्मन पंथात गेलेल्याला आपली मंडळी ख्रिस्ती धरत नाही.

अजित : पास्टर, मी रोज येशूच्या नावानं प्रार्थना करतो. त्याच्यासाठी दारू सोडली. चहापण सोडला.

आनंदीबाई : हो ना, चहा! गिरणगावात वाढून चहा सोडला माझ्या लेकानं. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?

पाळक : ते खरंच कौतुकाचं आहे. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे तू मानतोस का?

अजित : तिघं वेगळे, पण मनानं एक. असं मानतो.

पाळक : आणि बायबलच्या जोडीला तुमचा आणखी एक ग्रंथ. मग मी काय करू, सांग. तुमचा बाप्तिस्मा आम्हाला धरता येत नाही.

अजित : म्हणजे अकरा वर्षं ज्याचं नाव घेऊन जगलो, त्याचाच मी नाही? लागतं हो पास्टर, खूप लागतं. शेजारचे बुद्धभूषणकाका मला ख्रिश्चन म्हणतात. गणपतीची वर्गणी मागणारी पोरंपण म्हणतात. फक्त तुम्हीच नाही.

पाळक : आणि तुम्ही आमचा बाप्तिस्मा धरता?

अजित : ...नाही. आमच्याकडे परत घ्यावा लागतो.

आनंदीबाई : मग तुझे पप्पा रे?

अजित : आई, तुला सांगायचंच होतं. मागे हाँगकाँगला गेलो होतो ना, आमच्या मंदिरात? वारलेल्या माणसाच्या नावानं आमच्यात दुसरं कुणीतरी बाप्तिस्म्याला पाण्यात उतरतं. मी पप्पांसाठी उतरलो.

आनंदीबाई : ह्यांच्यासाठी? अरे, जन्मभर ख्रिस्ती होते ते! शेवटच्या घटकेला ओठांवर स्तोत्र होतं. तुला ते कच्चे वाटले?

अजित : तसं नाही गं. कुटुंब कायमचं एकत्र राहतं, असं आम्ही मानतो. पप्पा एकटे मागे राहू नयेत, म्हणून केलं.

आनंदीबाई : छान! पाळकसाहेब तुझा धरत नाहीत, तू बापाचा धरत नाहीस. मग ह्या घरात ख्रिस्ती उरलं कोण? ही खाट?

अजित : चुकलं माझं. निदान तुला विचारायला हवं होतं.

आनंदीबाई : मी गेल्यावर माझ्यासाठी नको हं उतरूस पाण्यात.

अजित : मग आपण भेटणार कसे, आई?

आनंदीबाई : भेटू रे राजा. देव काय सोसायटीचा वॉचमन आहे, वहीत नाव बघून आत सोडायला? रडू नकोस असा. आणि पाळकसाहेब, तुमचं काय? तुम्ही का चष्मा पुसताय?

पाळक : आनंदीबाई, मी माझ्या हातानं ह्याला देऊ शकत नाही. दिलं, तर उद्या मंडळीपुढे खोटं बोलावं लागेल. ते मला जमणार नाही.

आनंदीबाई : मग न्या परत.

पाळक : ऐकून तरी घ्या. तुमची भाकर मी तुमच्या हातात देतो. जरा मोठी मोडतो. हातात आली की ती तुमची.

आनंदीबाई : आणि तुम्ही?

पाळक : मी प्रार्थना करतो. आमेन मात्र तुम्ही दोघांनी म्हणायचं. तोवर मी डोळे उघडत नाही.